पाहुण्यांच्या गाडीचं थेट प्रक्षेपण

अजून आठवलं की डोकं फिरतं. विद्यापीठाच्या आमच्या केंद्रातली भाषणं, समारंभ इंटरनेटवर थेट दाखवायचं काम माझ्याकडे. थेट प्रक्षेपण म्हणजे काय, तर स्टँडवर एक मोबाइल, माइकची एक वायर आणि मी.

त्या दिवशी पदवीदान होतं. काठी गावाच्या वरच्या पाड्यातल्या एका मुलीला सुवर्णपदक मिळणार होतं. बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून तिच्या आईला येता आलं नव्हतं. पण पाड्याजवळच्या टेकडीवर रेंज येते. आई तिथे शेजारणीचा मोबाइल घेऊन बसणार होती.

"सर, मी दोन मिनिटं आमच्या पावरी बोलीत बोलणार आहे, आईसाठी. तिला मराठी नीट कळत नाही," मुलगी म्हणाली.

मी छाती ठोकून सांगितलं, "बिनधास्त बोल. शब्दन्‌शब्द टेकडीवर पोचवतो."

मग सुरू झाले सत्कार! आमच्याकडे सत्कारात एक नाव राहिलं तर जन्माचं वैर. शाल, श्रीफळ, गुच्छ. ज्याने शाल दिली त्यालाही शाल. मुलगी कोपऱ्यात ताटकळत, आई तिकडे टेकडीवर उन्हात. एकदाचं फोटोवाल्यांच्या गराड्यात पदक गळ्यात पडलं, मोबाइलला दिसल्या फक्त त्यांच्या पाठी; मुलगी माइकपाशी गेली, आणि नेमके तेव्हाच प्रमुख पाहुणे घड्याळ बघून उठले. पाहुणे उठले की अख्खं व्यासपीठ उठतं. त्यांना गाडीत बसवेपर्यंत मागे कुणी थांबत नाही. आग लागो त्या रीतीला!

कार्यक्रमाचे प्रमुख अहिराणीत ओरडत माझ्याकडे धावत आले. "साहेब निंघनात ना भो! गाडीपावत दखाड!"

"आणि ही मुलगी?"

"तिनं मंग दखूत. साहेब घर जाईसन हाई दखतीन. चाल!"

म्हणजे मुलीचं नंतर; साहेब घरी जाऊन हे बघणार, तेव्हा आधी त्यांची गाडी. आणि मी शेपूटघाल्या! मोबाइल स्टँडवरून उचलला, माइकची वायर उपटली आणि पळालो. नाही म्हणायला तोंड नव्हतं का मला? होतं. नोकरी कंत्राटी होती, एवढंच. टेकडीवर बसलेल्या त्या बाईला मी गाडीचं दार दाखवलं, जोडलेले हात दाखवले, काच वर जाताना दाखवली. परत आत आलो तर मुलगी बोलून खाली उतरली होती. ठरवलेलं सगळं ती पावरीतच बोलली म्हणे. रेकॉर्डिंग कुठून असणार?

ती दाराशी फोनवर बोलत होती. फोन ठेवून माझ्याकडे आली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सर, आई विचारतेय, पदक त्या गाडीवाल्यालाच दिलं का?"