पहिला दिवस कोणता?

माहिती अधिकाराचं टेबल सांभाळलं की किस्से साचतात. फक्त घडताना हसू येत नाही. कारखान्यांच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या नागपुरातल्या एका सरकारी कार्यालयात मी जन माहिती अधिकारी आहे. अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यायचं. धाकधूक एकाच गोष्टीची, पहिला दिवस कोणता?

*

पहिला अर्ज माझ्या टेबलावर आला, तेव्हापासून मी मोजलं आणि अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर धाडलं. तरी अपील आलं. वरिष्ठांनी अर्जावरचा आवकचा शिक्का दाखवला. अर्ज खाली आवक विभागाच्या गठ्ठ्यात नऊ दिवस पडून होता.

"साहेब, माझ्याकडे उशिरा आला."

"कार्यालयात आला ना? तारीख कार्यालयाची असते, तुमच्या टेबलाची नाही."

त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

*

तेव्हापासून मी रोज सकाळी आधी आवक विभागात जातो. तिथल्या वंदनाताई वैतागल्या. "काहून धावून राहिले, सर? चहा घेते, मग डाक फोडते."

"ताई, तुमचा चहा माझ्या तीस दिवसांतून जातो."

आता त्या चहा डाकेनंतर घेतात. माझ्याशी बोलणं मात्र कमी झालं.

*

सक्करदऱ्याचे एक निवृत्त शिक्षक बरोबर तिसाव्या दिवशी, दुपारी चारला हजर. "उत्तर असंन तर द्या, नाही तर उद्या हे अपील." अपील टाईप करून आणलेलं.

माझं उत्तर तयार होतं, पण प्रिंटर अडकला होता. गुरुजी समोर बसून माझ्या घामाकडे पाहत राहिले. पावणेसहाला कागद हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि अपिलाची घडी घातली.

"वाया गेलं," ते उदास होऊन म्हणाले.

*

आणि एक शुक्रवार. ऑफिस सुटायच्या बेतात हिंगण्याहून एक बाई अर्ज घेऊन आली. नवरा कारखान्यात गॅस लागून दवाखान्यात होता. "डॉक्टर विचारून राहिले कोणतं केमिकल होतं. कंपनीवाले सांगून नाही राहिले."

जिवाचा प्रश्न असेल तर तीस दिवस नाही, अठ्ठेचाळीस तास. वंदनाताईंनी शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं होतं. "सर, सोमवारपासून धरू."

बाई त्यांच्याकडे वळली. "त्याच्या छातीले शनिवार-इतवारची सुट्टी हाये काय, ताई?"

ताईंनी कुलूप उघडलं. शुक्रवारचा शिक्का मारला आणि न सांगता माझ्याबरोबर रेकॉर्ड रूममध्ये आल्या. त्या कारखान्याची फाईल सापडायला तासभर लागला. बाईच्या फोनवरून मी डॉक्टरांना केमिकलची नावं एकेक अक्षर करून वाचून दाखवली. यादी ताईंनी माझ्यासमोर धरली. चौथ्या नावाला डॉक्टर म्हणाले, "थांबा. परत सांगा." मी परत सांगितलं. फोन कट झाला. बाई तशीच दवाखान्याकडे धावली.

दोन महिन्यांनी एक माणूस जिना चढून आला. प्रत्येक पायरीवर थांबत होता. खुर्चीत बसून त्याने श्वास सावरला, बायकोचं नाव सांगितलं आणि खिशातून अर्ज काढला. 'आमच्या कारखान्याची तपासणी शेवटची केव्हा झाली, आणि कोणी केली?'

ती तपासणी आमचंच कार्यालय करतं. मी अर्ज दोनदा वाचला.

"याला तीस दिवस लागतील," मी म्हणालो.

"लागू द्या, साहेब," तो म्हणाला. "आता माह्यापाशी वेळ हाये."