इटालियन गायिकेचे सलालाहमधील शाल-श्रीफळ

वाचकहो, मस्कतच्या उन्हाळ्यात मनुष्यप्राण्यास दोनच पुरुषार्थ उरतात: वितळणे अथवा सलालाहला पलायन. आमच्या सौभाग्यवतींना, म्हणजे नीलिमाला, पलायनाचे उदात्त प्रयोजनही लाभले. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनात ज्या इटालियन गीतावर तिने नृत्य केले होते, त्याची गायिका मारिएला तेथील एका हॉटेलात गाणार होती.

वाटेतील आदम गावापुढील वाळवंट म्हणजे विधात्याने कंटाळून अर्धवट सोडलेला निबंध होय. हैमा गावी टाकी भरावी, चहा प्यावा, उंटांना अग्रपूजेचा मान द्यावा. थुमरैत गावानंतर घाटात अकस्मात धुके भेटते. खरीफात, अर्थात तेथील पावसाळ्यात, खोल्यांची भाडीही ढगांना टेकतात. आरक्षण आधीच करावे.

सायंकाळी मंचावर एक स्थूल, चष्माधारी प्रौढा अवतरली. कॅसेटवरील कृशांगीचा मागमूस नव्हता.

"अहो, ही ती नव्हेच," नीलिमा पुटपुटली.

खुलासा मारिएलानेच केला. गायली तीच, परंतु निर्मात्यास तिचा चेहरा गीताला शोभेना, म्हणून एका मॉडेलने ओठ हलवत जगभर दौरे केले. आज प्रथमच हे गीत ती स्वतःच्या नावाने गाणार होती.

पुढच्या दोन टेबलांवरील युरोपीय पर्यटक 'फसवणूक' म्हणत उठले. मारिएला माईक धरून तशीच उभी राहिली.

मागच्या, आमच्याच रांगेत सलालाहच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, बंदरात क्रेन चालवणारे सावंत, चकित झाले. "म्हणजे पार्श्वगायिकाच मा? ह्यात फसवणूक कसली? इतक्या वर्षांत बायेक साधी शाल गावली नाय?"

"शाल आहे ना गाडीत," त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पण ती मुख्याध्यापकांच्या निरोपसमारंभाची."

"त्यांका दुसरी बघू. यल्ला, चला."

श्रीफळाची उणीव रस्त्यावरच्या शहाळ्याने भागवली. सावंतांनी माईक घेऊन तिचे नाव तीनदा घोषित केले, मराठी मंडळात प्रमुख पाहुण्यांचे घेतात तसे. खांद्यावर शाल, काखेत शहाळे अशा अवस्थेत मारिएला गायली. आवाज अक्षत होता. उठून गेलेले परतले नाहीत. आमच्या रांगेने ते धांगडधिंगी गीत मांडी घालता येत नसल्याच्या खेदासह, माना डोलवत, 'वाहवा' म्हणत श्रवण केले. नाचली एकटी नीलिमा. गुडघ्याच्या डॉक्टरांनी हा परिच्छेद वाचू नये.

परतल्यावर कन्येने मोबाईलवर ते गाणे शोधले. अर्थातच कृशांगी प्रकटली.

"मम्मा, ही... हिला बघितलं तुम्ही?"

"ही नाचायची," नीलिमा म्हणाली. "गायची मारिएला."

प्रवासातून काय उरले, असे पुसाल तर गाडीला घाटातला चिखल, नीलिमाच्या गुडघ्याला पट्टा, आणि त्या चित्रफितीखाली कन्येने कुणी न सांगता टाईप केलेले एक नाव.