घरी वापरायचा शब्द

पोरं पास होऊन निघून जातात, किस्से मात्र शिकवणीतच मुक्काम करतात. माझी शिकवणी देऊळघाटला, बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर. नियम एकच: फळ्यावर रोज एक भारी इंग्रजी शब्द, आणि तो त्याच दिवशी घरी वापरायचा. वापरला की पालकांनी मला फोन करायचा. पोरांचं इंग्रजी किती सुधारलं देव जाणे, घराघरातली भांडणं मात्र दर्जेदार झाली!

*

रोशननं आईला सांगितलं, "भाजी मीडिऑकर झाली." अर्थ विचारल्यावर खरं बोलला: सुमार. दुसऱ्या दिवशी डब्यात नुसत्या पोळ्या. वर आईचा फोन, "सर, शब्द वापरला त्यानं. आता भाजी तुमीच पाठवा."

*

'प्रोक्रॅस्टिनेट', म्हणजे आजचं काम उद्यावर ढकलणं. एका पोराच्या आईंना तो इतका आवडला की त्यांनी तो नवऱ्यालाच चिकटवला. न्हाणीघराचं दार कधीचं मोडलेलं होतं. नवऱ्याचा फोन आला, "काऊन सर, माह्या घरात भांडण लावून राह्यले?"

मी विचारलं, दार बसवलं का?

"उद्या बसवतो."

*

एक बाप शेतातून बोलत होता. "सर, पोरानं आळशी म्हणाचा शब्द वापरला, पण बैलाले. घरात कोणाले म्हणाची हिंमत झाली नाही."

नियमात बसवून घेतलं. मग विचारलं, बैल उठला का?

"बैल उठला. पोरगं झोपलं."

*

स्नेहा वर्गात सगळ्यात हुशार. बारावीनंतर पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला, आणि वडिलांनी चिखलीचं स्थळ बोलावलं. मला फार वाईट वाटलं, पण आपण कोण बोलणारे? पाहुणे यायच्या दिवशी सकाळीही ती शिकवणीला आली. फळ्यावर 'अडॅमंट' होता, म्हणजे हट्ट न सोडणारा. शब्द मी आदल्या दिवशीच ठरवला होता, शपथेवर सांगतो.

संध्याकाळी बैठकीत मलाही बसवलं. मुलाचे मामा म्हणाले, "पोरीले इंग्रजी येते म्हणतात. बोल बरं काही."

स्नेहानं चहाचा ट्रे खाली ठेवला. "आय विल स्टडी इन पुणे. आय ॲम अडॅमंट."

मामा माझ्याकडे वळले. "सर, काय म्हणते?"

मी अर्थ सांगायला तोंड उघडलं. तिच्या वडिलांनीच मध्ये हात केला.

"सराले कायले विचारता? मले दुपारपासून तेच म्हणून राह्यली." त्यांनी पोरीकडे पाहिलं. "आता मीबी अडॅमंट आहो. पोरगी पुण्याले जाते. चहा घ्या."