शेवटच्या कडव्यातलं नाव

ताईचा गळा बेसूर होता म्हणून ती शिकली. माझा सुरात होता म्हणून माझी शाळा नववीतच सुटली. आम्हा बहिणींचं सगळं भांडण एवढंच आहे, पण ते पुरून उरलंय. गाव सुटलं, देश सुटला, तरी चालूच आहे.

वडील गायन पार्टी चालवायचे. एक पेटी, एक ढोलक, आणि कोरसला आम्ही चौघी. कार्यक्रमांचा मोसम एप्रिलचा, जयंत्यांचा. शाळेची वार्षिक परीक्षाही एप्रिलातच. दोन वर्षं माझी परीक्षा बुडाली, तिसऱ्या वर्षी शाळेनं विचारलंच नाही. ताईला मात्र वडिलांनी आठव्या वर्षीच तालुक्याच्या हॉस्टेलात टाकलं. ती कोरसमध्ये उभी राहिली की ओळ वाकडी व्हायची. तिथून ती कॉलेजात गेली, मग लग्न करून अमेरिकेत.

माझा नवरा वारल्यावर तिनं माझा अर्ज भरला. तेव्हा तिच्या मुली पाळण्यात होत्या. माझा नंबर लागला तेव्हा त्या गिटार वाजवत होत्या. एवढी वर्षं तिनं ती फाइल सांभाळली, वकिलाच्या मागे लागली. हे उपकार मी विसरले नाही आणि तिनंही विसरू दिलं नाही. मॉरिसव्हिलच्या तिच्या घरात वरची खोली माझी. सकाळी ती मला किराणा दुकानाच्या किचनवर सोडायची, तिथं मी पोळ्या लाटायची आणि भाज्या डब्यांत भरायची. संध्याकाळी परत. गाडी मला येत नाही, इंग्रजी कामापुरतं. जीव सारखा धाकात. ताई नाराज झाली तर काय, हा विचार मी उठल्याबरोबर करत असे, तोंड धुवायच्या आधी.

तिच्या दोघी मुली मिळून गातात. कंट्री म्हणतात त्याला, त्यात थोडं पॉप. थोरली कंपनीत नोकरी करते, धाकटी लहान मुलांना गिटार शिकवते. एकमेकींशिवाय दोघींचं पान हलत नाही आणि एकमेकींचं तोंड बघवत नाही. त्या वर्षी पहिला अल्बम काढायचं ठरलं, दहा गाण्यांचा. नऊ झाली, दहावं मिळेना.

एका रविवारी मी पीठ मळताना वडिलांचं एक गाणं गुणगुणत होते. पोरींनो पाटी खाली ठेवू नका, असं काहीसं ते गाणं. हे मी शाळा सोडून गावोगाव गात हिंडले. तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही, मलाही नाही. धाकटीनं गुपचूप फोनवर रेकॉर्ड केलं.

"मावशी, धिस इज द वन!" म्हणून ती मला पिठासकट बिलगली.

त्यांनी इंग्रजी शब्द बसवले. पाटी गेली, तिच्या जागी एक मुलगी जुना ट्रक घेऊन गाव सोडते असं आलं. माझी हरकत नव्हती. चाल वडिलांची होती आणि शेवटचं कडवं त्या मराठीतच ठेवणार होत्या. शेवटचं कडवं म्हणजे नावाचं कडवं. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. गाणारा कुणी का असेना, नाव रचणाऱ्याचंच. वडील तर नाव, आडनाव आणि गाव, तिन्ही घालायचे. मात्रेत बसो न बसो. ढोलकवाला चिडायचा, "दादा, आडनाव बाहेर सांडतंय." वडील म्हणायचे, "सांडू दे. लोकांना कळू दे कुणाचं आहे."

स्टुडिओ म्हणजे गावाबाहेरचं एक जुनं कोठार. रेकॉर्डिंग करणारा टोपीवाला अमेरिकन माणूस, दाढी छातीपर्यंत, बोलायला मऊ. कोरसची ओळ मी गायची होती, म्हणून मला काचेमागे उभं केलं, कानाला हेडफोन लावले. त्यातून टिक टिक टिक. मला वाटलं मशीन बिघडलं. तो ताल होता. पार्टीत वडील ओळ टाकायचे आणि आम्ही झेलायचो, माणसाचं तोंड बघून. इथं तोंडच नाही. तिसऱ्या खेपेला जमलं. तो माणूस टोपी काढून काहीतरी चांगलं बोलला. मी चार वेळा थँक्यू म्हटलं.

बाहेर दोघींचं जुंपलेलंच होतं.

"यू वर फ्लॅट," थोरली.

"यू आर बॉसी. एक्झॅक्टली लाइक मॉम."

"से दॅट अगेन."

ती पुन्हा म्हणाली. थोरली गाडीत जाऊन बसली. त्या दिवशी शेवटचं कडवं राहिलं. ते त्यांनी नंतर, मी कामावर असताना, उरकलं.

तयार गाणं धाकटीनं स्वयंपाकघरात ऐकवलं. मी ओट्याशी उभी. चाल ऐकून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. मग शेवटचं कडवं आलं. वडिलांच्या नावाच्या जागी त्या दोघींच्या जोडीचं नाव होतं. पोस्टरवर छापतात ते. "म्हणे" या शब्दाआधी, नेमकं तिथंच.

"हे काय?" मी विचारलं.

"सिग्नेचर, मावशी. मॉम म्हणाली, तिथे सिंगर आपलं नाव टाकतो."

मी म्हटलं, चूक झाली असेल. ताई हॉस्टेलात वाढली, तिला काय माहीत. संध्याकाळी ती भाजी चिरत होती तेव्हा मी हळूच म्हणाले, "ताई, ते नाव गाणाऱ्याचं नसतं गं. रचणाऱ्याचं असतं."

सुरी थांबली नाही. "माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? इथे मराठी मंडळ आहे. लोक आडनाव ऐकलं की गाव विचारतात, गाव ऐकलं की वस्ती विचारतात. पंचवीस वर्षं मी कुणाला विचारायची वेळ येऊ दिली नाही. तू येऊन माझ्याच मुलींच्या तोंडून ओरडून सांगणार?"

"बाबांचं गाणं आहे."

"बाबांचं!" तिनं सुरी ठेवली. "तुला त्यांनी गाणं दिलं. मला काय दिलं? पत्र्याची पेटी आणि हॉस्टेलचा पत्ता. जयंतीला तुम्ही सगळे स्टेजवर, आणि मी पंख्याखाली भूगोल पाठ करत. आता ते माझ्या घरात येऊन गाणार होय?"

त्या भूगोलासाठी मी काय दिलं असतं, ते तोंडाशी आलं आणि मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी फोनवर फॉर्म आला. अल्बममध्ये ज्याचा आवाज आहे त्याची सही लागते, त्याशिवाय गाणं बाहेर काढता येत नाही. दाढीवाल्यानं तसं नियमानं पाठवलं होतं. ताईनं फोन पुढे धरला. "इथे बोट फिरव."

आयुष्यभर मी दाखवतील तिथे सही केली. लग्नाच्या वेळी, नवऱ्याच्या कागदांवर, पासपोर्टवर, ताईनं भरलेल्या प्रत्येक पानावर. वाचून एकदाही नाही. बोट काचेपर्यंत गेलंही.

"नाही करत," मी म्हणाले.

"काय?"

"नाव बदला, मग करते."

ताई हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "नववी नापास बाई मला अट घालते. तुला इथे आणलं कुणी?"

"तू."

"मग?"

"उपकार आहेत. सही नाही."

नापास मी कधीच नव्हते. परीक्षेलाच बसले नव्हते.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस वाईट गेले. ताईनं मला कामावर सोडणं बंद केलं. मी पायी निघाले. फुटपाथ अर्ध्यात संपतो, पुढे गवतातून चालावं लागतं, आणि गाड्यांतली माणसं वेड्या बाईकडे बघावं तशी बघतात. घरात माझ्याशी बोलणं दाजींमार्फत. "तिला सांगा, दूध संपलंय." मी दोन पावलांवर उभी. दाजी बिचारे मान खाली घालून मला सांगायचे, दूध संपलंय. रात्री मी बॅग उघडून बघायची, कपडे किती आहेत, कुणाकडे जाता येईल. कुणाकडेच नाही. सही करून टाकावी असं मला रोज वाटलं. रोज. हे लपवत नाही.

थोरली आली ती दार आपटूनच. "मावशी, तारीख ठरलीय! यू आर रूइनिंग इट. इट्स वन वर्ड!"

"एक नाही, तीन शब्द," मी म्हणाले.

धाकटी मागे होती. तिनं विचारलं, "वेट. काय नाव होतं आजोबांचं?"

मी थोरलीकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं. घरात एक फोटो नाही, नाव नाही. त्यांच्या लेखी भारतात एक आजोबा होते आणि ते वारले, बस. त्यांचीच चाल या पोरी सहा महिने गात होत्या.

मी दुकानाच्या पावतीमागे नाव लिहिलं. त्यांना वाचता येईना. मग मी म्हणत गेले आणि धाकटीनं इंग्रजीत लिहून घेतलं. थोरलीनं बोटांवर मोजलं. "टू मेनी सिलेबल्स. बसणारच नाही."

"ते कधीच बसलं नाही," मी म्हणाले. "सांडायचंच."

थोरलीनं ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग तिनं जी शिवी दिली ती इंग्रजी होती, पण कुणाला होती ते तिनं आईच्या खोलीकडे बघून सांगितलं.

कोठारात आम्ही पुन्हा गेलो, ताईला न सांगता. आडनावाशी येऊन गाडी अडायची. टिक टिक पुढे निघून जायची आणि गाव मागे राहायचं. पाचव्यांदा थोरलीनं हेडफोन आपटले. दाढीवाल्यानं विचारलं, हा माणूस कोण. धाकटीनं सांगितलं, गाणं यानं रचलं. तो म्हणाला, मग त्याला दोन ठोके जास्त देऊ. आणि खरंच दिले. मशीनमध्ये तेवढी जागा लांबवली. मी टेबलावर थाप देऊन दाखवली, आडवी ठेवून वाजवायची ती गिटार त्यावर घसरत गेली, आणि नाव, आडनाव, गाव, तिन्ही आत बसली. उच्चार कच्चे होते. वडिलांनी कान पिळला असता. मी तिथेच बोट फिरवून सही केली.

शुक्रवारी अल्बम सगळ्यांच्या फोनवर आला. शनिवारी दुपारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कार्यक्रम होता. ताईनंच ठरवलेला, सगळी निमंत्रणं आधीच गेलेली. मुलींनी तिला सकाळी सांगितलं असावं, कारण ती तयार झाली पण डोळे सुजलेले होते. मंडळातल्या काकू, काका, दोघींचे अमेरिकन मित्र, सगळे मिळून साठेक माणसं. दहावं गाणं शेवटी आलं. शेवटच्या कडव्याला धाकटीनं गिटार थांबवली आणि दोघींनी नाव घेतलं. नुसत्या गळ्यानं. मी खालूनच ओळ झेलली, सवयीनं, आणि चारदोन माणसं वळून बघायला लागली.

टाळ्या झाल्या. समोशांच्या टेबलाशी एक काकू ताईला म्हणाल्या, "किती गोड गं! पण ते शेवटी कुणाचं नाव होतं? तुमच्यातले कुणी का?"

मी हातभर अंतरावर होते. ताईनं रुमालानं ओठ पुसले.

"माझ्या बहिणीचे वडील," ती म्हणाली.

काकू हसल्या, त्यांना वाटलं चेष्टा आहे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू थांबलं. कुणीच काही विचारलं नाही. त्या चटणी घ्यायला पुढे गेल्या.

ताई माझ्याकडे वळली. "झालं समाधान?"

"झालं," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"मग त्या प्लेटा उचल. सहाला हॉल रिकामा करून द्यायचाय."

मी प्लेटा उचलल्या.