हवाकाकांचं सव्वीस

सौसरच्या स्टँडवर तंबाखू-सुपारीचा खर्रा न खाणारा एकच माणूस होता. त्याला ना कुणा डॉक्टरनं बंदी घातली होती, ना बायकोनं शपथ. कारण होतं थुंकी. चाकात हवा भरून झाली की हवाकाका बोट जिभेला लावायचे आणि ते ओलं बोट वॉल्वच्या तोंडावर टेकवायचे. बुडबुडा आला तर आतली पिन गळते, नाही आला तर गाडी बिनघोर न्या. "खर्रा खाल्ला की थुंकी लाल," काका म्हणायचे. "मंग बुडबुडा कोनाले दिसते? हे थुंकी माही नाई बाप्पा, धंद्याची हाय." आमच्या भागात खर्रा सोडणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्यांनाच कळेल. मी स्वतः तीनदा सोडला आहे.

ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. सौसर मध्य प्रदेशात, त्यामुळे घरात मराठी आणि कागदावर हिंदी; तिथल्या एका सरकारी कार्यालयात मी बाबू होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, आणि का सांगत नाही ते पुढे कळेलच. घर पांढुर्ण्याचं, कापसाच्या व्यापारातलं. घरच्यांच्या मते मी गादी सोडून खुर्चीवर जाऊन बसलो म्हणजे वायाच गेलो होतो. त्या खुर्चीवर माझ्याकडे एक मोठं काम होतं, ते म्हणजे जीपचं लॉगबुक. जीप कुठे गेली, किती किलोमीटर फिरली, चाकांत किती हवा भरली, हे सगळं ड्रायव्हर हिंदीत लिहायचा आणि खाली मी सही करायचो. सही माझी फार देखणी होती. सहीच्या वर काय लिहिलंय ते मात्र मी वाचत नसे.

काकांचं दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिनं, एक हवेची टाकी आणि पाण्याचं घमेलं. हवा मोजायचं गेजही होतं, पण ते खिळ्याला टांगलेलं. काका आधी चाकावर मूठ मारायचे, मान वाकडी करून ऐकायचे आणि हवेच्या पौंडांचा आकडा सांगायचे. "अठ्ठावीस." मग गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी गेज लावायचे. अठ्ठावीसच निघायचे. एकदा एका ट्रकवाल्यानं मुद्दाम सहा चाकांत सहा वेगवेगळ्या हवा भरून आणल्या आणि काकांना डोळे मिटायला लावले. काकांनी सहाही सांगितल्या, वर मागच्या एका चाकात खिळा आहे हेही सांगितलं. ट्रकवाला म्हणाला, खिळा बिळा काही नाही. बोरगाव येईपर्यंत त्याला खिळा सापडला. "गेज चांगलं असते," काका मला म्हणाले, "पन ते माह्या मागून येते."

माणसांनाही ते पौंडातच मोजायचे. वरातीतला नवरदेव साठ पौंड. निकालाच्या दिवशी मास्तर बारा पौंड. नवा साहेब बदलून आला की काका त्याला लांबूनच पाहायचे आणि सांगायचे, "लय भरला हाय. उनात उभा नोको करू." माझ्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या दंडावर एक चापट मारली, मान वाकडी केली आणि म्हणाले, "तू बाविसावर चालून राहिला बाबू. चालतं, पन वळनावर जपून." मला राग आला होता, खोटं कशाला सांगू!

तर एका सोमवारी आमची जीप समोरच्या डाव्या चाकातून फुसफुसत त्यांच्याकडे गेली. ड्रायव्हर ग्वाल्हेरकडचा. वयस्क, काटेकोर माणूस. रोज सकाळी जीपला उदबत्ती ओवाळायचा. नुकताच बदलून आला होता आणि मराठीचं अक्षर त्याला कळत नव्हतं. मी सोबत होतो, कारण कार्यालयात बसण्यापेक्षा काकांकडे बसणं केव्हाही बरं. काकांनी वॉल्वची टोपी काढली, ती उलटी करून पिनेवर बसवली आणि जुनी पिन फिरवून बाहेर घेतली. तिचं रबर झिजलं होतं. मग त्यांनी चांगल्या चाकाचीही पिन काढायला घेतली. ड्रायव्हर म्हणाला, "वो तो ठीक है, काका." काका म्हणाले, "एक बदलली की दुसरी रुसते. जोडीनं बदलाव." नव्या पिना त्यांनी नुसत्या दोन बोटांनी बसवल्या, शेवटचा पाव फेरा तेवढा टोपीनं. जोर लावला की रबर चिरते, हे त्यांचं म्हणणं. हवा भरली, मूठ मारली, ओलं बोट टेकवलं. बुडबुडा नाही. ड्रायव्हरनं वही काढून विचारलं, "आगे के कितने, काका?" काकांनी घमेल्यात हात बुचकळत ओरडून सांगितलं, "सव्वीस!" ड्रायव्हरनं लिहून घेतलं. संध्याकाळी मी सही केली.

बरोबर आठव्या दिवशी, भर दुपारी, बोरगावच्या अलीकडच्या वळणावर जीप रस्ता सोडून संत्र्याच्या बगिच्यात शिरली. तीन झाडं आडवी झाली. साहेबांचा हात मुरगळला, कपाळाला टेंगूळ आलं. देवाची कृपा की याहून जास्त काही झालं नाही. साहेब भोपाळकडचे, तरणे आणि तापट. ट्रॅक्टर लावून जीप बाहेर काढली, गेज लावलं, तर समोरच्या चाकांत हवा कमी. मग काय! "त्या म्हाताऱ्याच्या नव्या पिना गळक्या," एवढं एक वाक्य जीपच्या आधी सौसरला पोचलं.

दोन दिवसांत काकांच्या दुकानासमोरची रांग नाहीशी झाली. जे ट्रकवाले मुठीचा आवाज ऐकायला थांबायचे, ते आता हॉर्न वाजवून पुढे जायला लागले. साहेबांनी सांगून टाकलं की शुक्रवारी चौकशी, आणि पिना गळक्या ठरल्या तर स्टँडवर हे दुकान दिसता कामा नये. मी काकांकडे गेलो. ते टाकीला टेकून बसले होते. रिकाम्या हातांनी बसलेले काका मी त्याआधी पाहिले नव्हते. "दुकानाचं जाऊ दे बाबू," ते म्हणाले. "घराच्या अंगनात टाकी ठेवीन. पन माहा आकडा चुकला का? मी सव्वीस म्हनलो अन् ते सव्वीस नसन, तं मंग आतापर्यंत जे जे म्हनलो त्याचं काय?" मी नुसता चहा पिऊन आलो.

शुक्रवारी कार्यालयाच्या आवारात जीप उभी होती. साहेब हात गळ्यात बांधून खुर्चीवर. आजूबाजूला सगळं कार्यालय, कारण असा तमाशा कोण सोडतो! काका धुतलेला सदरा घालून आले. सरळ जीपपाशी जाऊन बसले, वॉल्वची टोपी काढली, ओलं बोट टेकवलं. बुडबुडा नाही. दुसऱ्या चाकालाही नाही. मग मूठ. "वीस," ते म्हणाले. पलीकडे गेले, पुन्हा मूठ. "इथंबी वीस. जराशी वरतं." साहेबांनी गेज लावायला लावलं. दोन्हीकडे वीस, जराशी वर.

"साहेब," काका उभे राहिले, "पिन गळली तं एक चाक बसते. दोन चाकं मोजून-मापून सारखे नाई बसत. हे हवा गळली नाई. कोनीतरी मोजून काढली."

साहेबांनी माझ्याकडे हात केला, "लॉगबुक लाओ." मी पान काढून मोठ्यानं वाचलं, "अगले पहिये, बीस।"

"बीस नहीं बाबूजी," मागून ड्रायव्हर पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "सवा बीस. ठीक से पढ़िए."

मी परत पाहिलं. २० आणि पुढे एक उभी रेघ. हिंदीत वाक्याच्या शेवटी असते तशी. मी ती रेघ पूर्णविराम समजत होतो. जुन्या माणसांच्या लिहिण्यात आकड्यापुढे उभी रेघ म्हणजे पाव, हे मला माझ्या आजोबांनी शिकवलं होतं! गादीवर वाढलेल्या पोरानं पाव वाचला नाही आणि त्याखाली देखणी सही ठोकली. धरणी दुभंगावी असं वाटलं.

"काका ने भरी तो छब्बीस थी," ड्रायव्हर सांगत होता. "मैंने घर जाकर अपने गेज से नापी. पर बोला तो इन्होंने सवा बीस था. मैंने सोचा, भरने में हाथ ज़्यादा चल गया होगा. तो मैंने निकाल दी."

"मी सवा बीस काहून म्हनन?" काका तडकले. "माही जबान हाय का घमेलं? मी म्हनलो सव्वीस!"

"वही तो! सवा बीस!"

"सव्वीस!"

"हाँ हाँ, सवा बीस!"

दोघं एकमेकांच्या तोंडासमोर तोंड आणून तेच तेच ओरडत होते. चौथ्या की पाचव्या वेळी काका मधेच थांबले. मान वाकडी केली, चाक ऐकताना करायचे तशी. हळूच स्वतःशीच म्हणाले, "सव्वीस... सवा बीस... अरे बाप्पा!" आणि तिथेच मातीत बसून हसायला लागले. मग आमचा हेडक्लार्क हसला, मग चपराशी, मग मी. सगळं आवार सव्वीस-सवाबीस करत होतं. साहेबांना कळायला जरा वेळ लागला. त्यांच्या मुलखात सव्वीस नावाचा आकडाच नव्हता. हेडक्लार्कनं समजावून सांगितलं, तेव्हा तेही एकदा ते जिभेवर घोळवून पाहत होते.

काका सुटले. पण साहेबांचा ताप आता ड्रायव्हरवर उतरला. वीस पौंडांवर जीप चालवतोस, तुला अक्कल नाही, आजच निलंबित करतो, असं बरंच. काका झटकन उठले.

"नाई साहेब. त्याले हात नोको लावू. त्याच्या हातात गेज होतं, गेज सव्वीस दाखवून राहिलं होतं. त्यानं गेज खोटं ठरवलं अन् माहा शब्द खरा धरला. इतका भरोसा तं माह्या बायकोनं नाई ठेवला कधी. शब्द माह्या तोंडातून निंघाला, त्याच्या कानात गेला, मधात जे सांडलं ते दोघाचं."

हेडक्लार्कनं याचं हिंदी केलं. बायकोसकट केलं. निलंबनाचा कागद कधी माझ्या टेबलावर आला नाही. आला असता तरी मी या वेळी वाचूनच सही केली असती.

त्यानंतर काका प्रत्येक आकडा दोनदा सांगायला लागले. "सव्वीस, छब्बीस. अठ्ठावीस, अट्ठाईस." रांग परत आली, आधीपेक्षा लांब. लोक हवा भरायला कमी आणि दोन भाषांतला तो पाढा ऐकायला जास्त थांबायचे. पुढे माझी बदली छिंदवाड्याला झाली. काका गेले तेव्हा मला निरोपही उशिरा मिळाला आणि मी रडलो. ऑफिसात, फायलींसमोर बसून, चांगला रडलो. अजूनही खाली सही करण्याआधी मी कागद मोठ्यानं वाचतो. बायको म्हणते, शेजाऱ्यांना झोप लागत नाही.

पण त्या शुक्रवारी आवारात अजून एक गोष्ट राहिली होती. साहेबांची शंका काही पुरती गेली नव्हती. "छब्बीस पर मोड़ सँभल जाएगा?" त्यांनी विचारलं. काकांनी पायपंप मागवला, दोन्ही चाकांत सव्वीस भरली, मूठ मारली आणि म्हणाले, "त्याच वळनावरून न्या. तितक्याच जोरात. मी समोर बसतो."

साहेबही हट्टी. मुरगळलेला हात घेऊन मागे माझ्याशेजारी बसले. स्टँडवरून जीप निघाली तेव्हा पानठेल्यांवरची माणसं उठून उभी राहिली. काका ड्रायव्हरच्या बाजूला, हात गुडघ्यांवर, ताठ. टप काढलेली उघडी जीप, तोंडावर वारा. बोरगावचं वळण दिसायला लागलं. ड्रायव्हरनं एकदा काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली, आणि त्यानं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला नाही. मी सीट घट्ट धरली. जीप वळणात शिरली, झुकली, समोरच्या चाकांनी रस्ता धरून ठेवला आणि आम्ही अलगद बाहेर आलो. डावीकडे आडव्या झालेल्या तीन झाडांच्या जागी नव्या रोपांसाठी आळी करत असलेला बगिचावाला फावडं टाकून रस्त्यापर्यंत धावत आला. साहेबांनी चांगल्या हातानं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी खोकलो. "सव्वीस!" ते ओरडले. स्वच्छ, मराठीत.

काका मात्र अजून ताठच बसले होते. मला वाटलं, घाबरले. वाकून पाहिलं तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "काका, काय झालं?"

"काई नाई बाबू," ते म्हणाले. "दुकानात बसलो तवापासून लोकाच्या गाड्यात हवा भरून राहिलो. कोनी कधी बस म्हनलं नाई, मी बी कधी बसलो नाई." मग ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "अजून एक डाव फिरव न भाऊ त्या वळनावरून. आपली हवा आपन आजच खाऊन राहिलो."