काळी चारचा हट्ट

माझा आवाज उतरला होता हे अख्ख्या बदलापूरला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला. आणि गाणारी मीच होते.

तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी ठासून सांगितलं असतं की उल्हासनगरच्या स्टुडिओतला माइक खराब आहे. तिथला सिंधी मालक काकुळतीला येऊन म्हणायचा, “आंटी, माइक नया है. डिब्बा भी पड़ा है, दिखाऊँ?” मग मी त्याच्या एसीला दोष द्यायचे, मग अंबरनाथच्या कंपन्यांच्या धुराला, मग सकाळी खाल्लेल्या दह्याला. वरचा सूर लावताना घशात काहीतरी चरचरायचं आणि मी डोळे मिटून म्हणायचे, प्रभू, ही सैतानाची अडवणूक दूर कर. सैतान बिचारा त्या वेळी बहुधा दुसऱ्याच कुणाच्या घरी कामात होता.

तसं आमचं हे गाण्याचं प्रकरण उशिरा सुरू झालं. आमच्या ह्यांनी अंबरनाथ एमआयडीसीतली मशिनवरची नोकरी मुदतीआधीच सोडली ती गाण्यासाठी. कुठल्या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली जायचं नाही, स्वतः लिहायचं, स्वतः चाली लावायच्या, नवरा-बायकोने मिळून प्रभूची गाणी करायची आणि मोबाइलवरून लोकांपर्यंत पोहोचवायची, असं आम्ही गुडघ्यांवर बसून ठरवलं. मिळून म्हणजे गायचं मी आणि पेटी वाजवायची ह्यांनी. हा कायदा माझाच. लग्नाआधी मी चर्चच्या कॉयरमध्ये पहिल्या रांगेत उभी राहायचे. ती मुलगी आज समोर आली तर मी तिचा कान पिरगाळीन. शेजारणीचा सूर जरा ढळला की ही भर उपासनेत मान वळवून तिच्याकडे बघायची. ‘प्रभू, मी काहीच नाही’ असं आळवताना एक डोळा किलकिला करून लोक ऐकतायत ना याची खात्री करून घ्यायची. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने नवऱ्याला सांगितलं, “अहो, तुमचा आवाज म्हणजे पाट्यावर वरवंटा. तुम्ही आपली पेटी धरा.” त्यांनी धरली. ती अजून सोडलेली नाही.

हळूहळू बोलावणी येऊ लागली. आज शहाडला घरगुती प्रार्थना, उद्या उल्हासनगरला उपासना, मग कुणाच्या लग्नाचा वाढदिवस. त्यावरच आमचं घर चालत होतं. माझा गळा हेच आमचं दुकान. ते बंद पडलं असतं तर ह्यांना त्या वयात कुठली कंपनी परत आत घेणार होती? हा विचार मनात आला की मी तो दह्यावर ढकलायचे आणि पेटीकडे बघायचे. माझी पट्टी काळी चार, कॉयरपासूनची. ह्यांचं बोट सा म्हणून काळी चारवर पडलेलं दिसलं की माझा जीव भांड्यात पडायचा. बोट तिथे आहे, म्हणजे मी अजून तिथेच आहे.

ही गोष्ट घडली तेव्हा मी तशी तरुणच होते, साठीच्या अलीकडची. वांगणीच्या मंडळीने, म्हणजे तिथल्या चर्चने, नाताळच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. मैदानात मंडप, बाहेरून आलेली माणसं, चांगला साउंड. आदल्या संध्याकाळी ह्यांनी पेटी उघडली तर उंदराने भाता कुरतडलेला. ह्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, उंदीर ह्यांनाच चावला.

“उद्याचं रद्द करूया का?” हे म्हणाले.

“उंदरासाठी प्रभूचं काम थांबवायचं? त्यांच्याकडे असेल की पेटी.”

“असेल गं, पण ती साधी असेल.”

“मग आपण काय राजेमहाराजे आहोत?” मी म्हटलं. त्या रात्री ह्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ प्रार्थना केली. मला वाटलं, पेटीसाठी.

वांगणीला मंडळीची जुनी पेटी मिळाली. आम्ही मंचावर बसलो. मंचावर पहिल्यांदाच म्हणायचं ते गाणं माझंच होतं: ‘तुझ्या ओंजळीत माझं पाणी, तूच राख, तूच सांड.’ लिहिलं होतं मी. वाचलं मात्र नसावं. ह्यांनी सूर धरला आणि मी पाहिलं तर बोट भलत्याच जागी, बरंच खाली, पांढरी चारवर. मी खुणावलं. ह्यांनी मान हलवली. मी परत खुणावलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस डॉक्टरकडे पाहतो. आणि मी, शहाणी, समोर माइक आहे हे विसरून म्हणाले, “अहो, काळी चार! झोपलात का?”

सगळा मंडप हसला. ह्यांनी डोळे मिटले आणि काळी चार धरली.

धृपदच कसंबसं पार पडलं. अंतऱ्याला मी वर गेले आणि तिथे काही नव्हतंच. जिन्याची शेवटची पायरी आहे असं समजून अंधारात पाय टाकावा आणि खाली नुसती पोकळी असावी, तसं. एक फाटका आवाज निघाला, कोंबड्याची मान मुरगळावी तसा. तो माझा आहे हे कळायला मला वेळ लागला. मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. लोक हसले नाहीत, ते हसण्याहून वाईट होतं. दह्याचं, धुराचं, माइकचं एकही नाव सुचेना. संपलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. आवाज गेला, घर गेलं, ह्यांनी नोकरी सोडली ती या कोंबड्यासाठी.

आणि तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून एक बाई गाऊ लागली.

माझंच गाणं. उभी राहून, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, काखेत डब्याची पिशवी. आवाज गोड वगैरे नव्हता, पण ठाम होता, आणि खाली, खूप खाली होता. ह्यांनी दोन पट्ट्या चाचपल्या आणि तिचा सूर सापडला. पांढरी चार. जिथे ह्यांनी आधी सुरुवात केली होती, अगदी तिथेच. तिला सूर कुणी दिला नव्हता. कुणी म्हणेल, सवयीने लागला असेल. म्हणू दे. मी त्या खालच्या सुरात तोंड उघडलं आणि आवाज आला. माझाच, जाडसर, म्हातारा, पण धड. शेवटी मंडपातली माणसंही ‘तूच राख, तूच सांड’ म्हणत होती आणि मी रडत गात होते.

कार्यक्रमानंतर ती स्वतःच पुढे आली. “काकू, तुम्हीच ना त्या मोबाइलवरच्या?”

“तुम्हाला कसं येतं हे गाणं? अजून कुणाला शिकवलंसुद्धा नाही.”

“तुमचा व्हिडिओ आहे ना, घरी बसून गायलेला, प्रॅक्टिसचा. मी शहाडची. आम्ही काय तुमच्यातले नाही हां. पण आमची आई आजारी होती तेव्हा तिला हेच लागायचं. शेवटी शेवटी तर मीच तिच्या उशाशी बसून म्हणायचे. ती झोपायची.” मग जरा संकोचून म्हणाली, “आज तुम्ही एवढं वर का नेलंत? व्हिडिओत तर खालीच आहे.”

वांगणीला ती बहिणीकडे आली होती, शिफ्ट संपवून थेट. बहिणीने ओढून मंडपात आणलं. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. मी तिचा हात धरून नुसती उभी होते. मी ज्या घराचा उंबरा कधी पाहिला नाही, तिथे माझं गाणं एका मरणाऱ्या बाईला झोपवत होतं, आणि मी इकडे माइक बदलत होते.

परतताना रिक्षात मी ह्यांना विचारलं, “व्हिडिओत खाली कसं? मी बोट बघितलं होतं. काळी चारच होती.”

“बोट काळी चारवरच होतं,” हे म्हणाले.

आमची पेटी स्केल चेंजर. तिच्या सगळ्या पट्ट्या एकदम बाजूला सरकवता येतात. बोटं नेहमीच्याच जागी पडतात, सूर मात्र खाली उतरलेला असतो. हे मला माहीत होतं, पण ह्यांनी ती सरकवली असेल हे स्वप्नातही आलं नव्हतं.

“कधीपासून?”

“बरीच वर्षं झाली. तुझा घसा ताणायला लागला की एक घर खाली सरकवायचो. मग आणखी एक.”

“आणि मला सांगितलं नाहीत!”

“तू चिडली असतीस.”

“चिडले असतेच!”

“म्हणून.”

रिक्षावाला खुदकन हसला. मी बदलापूर येईपर्यंत ह्यांच्या बोटांकडे बघत राहिले. ज्या माणसाला मी वरवंटा म्हटलं, तो इतकी वर्षं मुकाट्याने माझ्या खालची जमीन माझ्या पायांपर्यंत आणत होता. आणि मग वाटलं, हे एकटेच का असं करत होते? प्रभूनेही आयुष्यभर दुसरं काय केलं? मी वर वर बघत मागत राहिले आणि तो गुपचूप खालून जुळवत राहिला. उंदीर त्याने पाठवला असं मी म्हणणार नाही. पण उंदीर आला नसता तर मी अजून दह्याला शिव्या देत बसले असते.

दुकान बंद पडलं नाही. चालू आहे, खालच्या पट्टीत. ह्यांचा वरवंटाही आता गाण्यात असतो. मीच बळजबरीने घातला, आणि माझ्या नाती म्हणतात, आजी, आजोबांचाच आवाज जास्त छान आहे. कार्ट्या. शहाडच्या त्या बाईसाठी मी रोज प्रार्थना करते, नाव माहीत नसताना. ज्याला करायची त्याला नाव ठाऊक आहे.

काल सरावाला बसलो तर अंतऱ्यावर पुन्हा तीच चरचर. ह्यांचा हात हळूच पेटीच्या कडेला गेला आणि माझ्याकडे बघत थबकला. मी म्हटलं, “बघता काय? घ्या की आणखी एक घर खाली.”

“प्रभूची स्तुती असो,” हे म्हणाले, आणि पेटी सरकवली.