पेवाच्या तोंडाशी

माझ्या सासरी, हुमनाबादकडच्या गावात, ज्वारी कणगीत थोडी आणि जमिनीत जास्त असायची. निजामाचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. तांबड्या मुरमात दोन पुरुष खोल पेव खणायचं, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून शेणामातीनं लिंपायचं. वर्ष-दोन वर्षं दाण्याला काही होत नसे. कडेची ज्वारी तेवढी कुबट व्हायची, आणि ती गड्यांच्या वाट्याला जायची. तिच्या भाकरीनं त्यांची पोटं बिघडली की घरात म्हणत, कामाचा कंटाळा आलाय. मला संताप यायचा, पण तो चुलीपुढंच राहायचा.

पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवायचं, हा घरचा नेम. मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा तेवत राहिला तरच माणूस उतरायचा, कारण बंद पेवातली हवा जीव घेते. त्या वर्षी पेव अर्धं काढून पुन्हा लिंपलेलं होतं. दुपारी ते उघडलं आणि बघता बघता आभाळ भरून आलं. पुन्हा लिंपलं तरी ओली माती पावसात टिकली नसती, आणि पाणी शिरलं असतं तर वर्षाची ज्वारी कुजली असती, आमची आणि सालदारांचीही. एक दिवस थांबायला अप्पा, म्हणजे माझे सासरे, तयार नव्हते. त्यांनी तासाभरातच दिवा सोडला. अर्ध्यावर जाऊन तो विझला.

"वारं सुटलंय," अप्पा म्हणाले.

वारं सुटलं होतं हे खरं, माझा पदर उडत होता. पण पेवाच्या पोटात कुठलं वारं? हे माझ्या ओठावर आलं आणि मी गिळलं. उतरायचं होतं आमच्या जुन्या सालदाराला. त्यानं दिव्याकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं आणि काखेखालून दोर बांधून घेतला.

आतल्या माणसानं टोपलं भरलं की मोठ्यानं मोजायचं, पहिल्याला एक न म्हणता लाभ म्हणायचं, अशी रीत. ऐकायला मला बसवलं होतं. सासूबाईंनी मागंच सांगून ठेवलं होतं, आकड्याकडं नको, आवाजाकडं कान ठेव.

लाभ. दोन. तीन. चारला आवाज घोगरा झाला. पाच. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा पाच. चुकला म्हणून माझा नवरा हसला. पण सालदार मोजणीत चुकणारा माणूस नव्हता. तिसऱ्यांदा पाच आलं ते झोपेत बरळल्यासारखं.

"वढा त्याला," मी म्हणाले आणि दोराला हात घातला.

सासऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. अप्पा क्षणभर माझ्याकडंच बघत राहिले. तो क्षण मी त्यांना कधीच माफ केला नाही. मग त्यांनी आणि नवऱ्यानं मिळून ओढलं. सालदार वर आला तेव्हा त्याची मान लोंबत होती. पाणी मारलं, छाती-पाठ चोळली. बऱ्याच वेळानं त्याला उलटी झाली आणि डोळे उघडले. पाऊस आलाच नाही, आभाळ तसंच पुढं सरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान हलत नव्हतं. अप्पांनी दिवा सोडला. तो त्याच जागी विझला. ते घरात निघून गेले.

मी कणगीतली चांगली ज्वारी घेऊन सालदाराच्या घरी गेले. तो बाजेवर पडून होता. अप्पांवरचा सगळा राग माझ्या तोंडी आला. दिवा विझलेला दिसला होता ना, मग कामून उतरलाव, मी विचारलं.

"मला म्हाईत हुतं, अक्का," तो म्हणाला. "पर अप्पा म्हनले वारं हाय. तवा तुमीबी काय बोल्लाव न्हाई."

तो रागानं बोलला नव्हता. मी टोपलं त्याच्या बायकोपुढं ठेवलं आणि मान खाली घालून घरी आले.